आरएफ उपचार, सैल त्वचा आणि साठलेली चरबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘आरएफ’ ही अक्षरे आता सर्रास दिसतात आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याविषयी कोणाकडून तरी ऐकलेले असते. ऐकलेल्यातले निम्मे खरे असते. सैल पडलेली त्वचा आवळण्यासाठी आणि एखाद्या जागची चरबी कमी करण्यासाठी हे उपचार कितपत उपयोगी पडतात, कोठे पडत नाहीत आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, याविषयी तपासणीच्या खोलीत रोज येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. त्वचा चिमटीत धरून पाहिल्याशिवाय कोणताही डॉक्टर आपल्यापुरते नेमके उत्तर देऊ शकत नाही.

आरएफ म्हणजे काय आणि त्याने त्वचा आवळते कशी?

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, अर्थात रेडिओच्या लहरींच्या पट्ट्यातील अतिजलद उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह. त्वचेसाठी वापरली जाणारी बहुतेक यंत्रे साधारण १ ते १० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे त्यांतील प्रवाह सेकंदाला लक्षावधी वेळा दिशा बदलतो. हा प्रवाह त्वचेतून जाताना ऊतींचा त्याला विरोध होतो आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. इस्त्रीची कॉइल तापते ती याच तत्त्वावर. फरक एवढाच की येथे तापणारी वस्तू आपली स्वतःची त्वचा असते, यंत्राचे टोक नव्हे.

त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोरखंडासारखे पिळलेले तंतू असतात आणि त्वचेचा घट्टपणा मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असतो. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास या दोरखंडांचा पीळ सुटतो आणि ते आखूड होतात. ज्या घरात रविवारी तांबडा-पांढरा होतो, त्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही: पातेल्यातील मटणाचा तुकडा शिजताना आकसतो, त्याचे एक मोठे कारण हेच कोलॅजेन आहे. उपचारात अर्थातच त्वचा शिजवायची नसते. उष्णता खोलवर मोजक्या तंतूंपुरती पोचवायची आणि वरच्या कातडीचे तापमान ४० ते ४३ अंशांच्या आतबाहेर राखायचे, ही त्यातली खरी कसरत आहे.

आकसण्याचा हा परिणाम त्या क्षणाचा आणि लहानसा असतो. मोठा भाग त्यानंतर घडतो. या सौम्य इजेची दखल घेऊन शरीर दुरुस्तीला लागते आणि त्वचेतील पेशी नवे कोलॅजेन विणू लागतात. हे काम तीन ते सहा महिने चालते, त्यामुळे सिटिंग संपवून घरी जाताना आरशात जे दिसते ते बऱ्याच अंशी सूज असते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

करंट लागतो का? किरणोत्सर्ग होतो का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि त्या वेगाला आपल्या नसा व स्नायू प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो. आवर्तने पुष्कळ वाढवली की नसांना तेवढ्या वेगाने प्रतिसाद देताच येत नाही आणि उरते ती फक्त ऊब. फ्रेंच शास्त्रज्ञ द’आर्सोनव्हाल यांनी ही गोष्ट १८९० च्या दशकाच्या प्रारंभीच दाखवून दिली होती. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरली जाणारी कॉटरी गेली शंभर वर्षे याच तत्त्वावर चालत आली आहे. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींच्या गुणसूत्रांना तोडणाऱ्या नाहीत. जे काही बरेवाईट घडते ते उष्णतेने घडते, आणि भाजणेही त्यातच आले.

माझी त्वचा सैल आहे, की चरबी साठली आहे? हे घरी कसे ओळखावे?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. लोक येतात ते ‘पोट कमी करायचे आहे’ किंवा ‘चेहरा ओघळला आहे’ असे म्हणत. पण पोट पुढे येण्याची निदान चार वेगवेगळी कारणे असतात आणि त्यांपैकी दोनच कारणांवर आरएफचा काही उपयोग होतो.

उभे राहून बेंबीच्या बाजूची त्वचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून पाहावी. चिमटीत आलेली घडी कागदासारखी पातळ, सुरकुतलेली असेल आणि सोडल्यावर सावकाश जागेवर जात असेल, तर ती सैल त्वचा आहे. घडी जाड, मऊ आणि भरीव लागत असेल, तर ती त्वचेखालची चरबी आहे. या दोन्हींवर आरएफ काम करू शकते. मात्र पोट नगाऱ्यासारखे ताठ असेल आणि चिमटीत फारसे काही येतच नसेल, तर चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती साठलेली आहे. तिथपर्यंत बाहेरून लावलेले कोणतेही यंत्र पोचत नाही. कोल्हापुरातल्या पुरुषांमध्ये, विशेषतः तारुण्यात तालमीत घुमलेल्या आणि पुढे व्यायाम सुटून खुराक मात्र तसाच राहिलेल्यांमध्ये, हा प्रकार आम्ही नेहमी पाहतो. भारतीय उपखंडातील लोकांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे मानले जाते. घेर त्यापुढे असेल तर त्वचेच्या दवाखान्याआधी रक्तातील साखर, चरबी आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

चौथे कारण स्नायूंचे आहे. त्याविषयी बाळंतपणाच्या प्रश्नात लिहिले आहे.

मानेबाबतही असाच घोटाळा होतो. ‘मान सैल पडून काळी दिसते’ असे सांगणाऱ्यांच्या मानेवर पुष्कळदा मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा असतो. ते बहुधा शरीरातील इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते. त्याला आरएफ नको, साखरेची तपासणी हवी.

यामुळे वजन किती कमी होईल?

काट्यावर दिसेल इतके नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात आणि पोटाच्या एका भागाची ऊब तेवढी ऊर्जा खर्च करू शकत नाही. ‘इंच लॉस’ या नावाने जे विकले जाते ते घेराविषयी असते, वजनाविषयी नव्हे, आणि त्यातही मोजपट्टीचे खेळ पुष्कळ असतात. श्वास सोडून मोजणे आणि रोखून मोजणे, सकाळी उपाशीपोटी मोजणे आणि मिसळ-पाव झाल्यावर मोजणे यांत सहज दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून माप नेहमी एकाच वेळी, एकाच पट्टीने, बेंबीच्या रेषेत आणि श्वास सहज सोडलेला असताना घ्यावे, आणि ते आपल्या वहीतही लिहून ठेवावे.

मग चरबीवर ते काम तरी कसे करते?

चरबीचा थर विद्युतप्रवाहाला पाणीदार ऊतींपेक्षा जास्त विरोध करतो आणि तेथील रक्तपुरवठा त्वचेच्या मानाने कमी असल्यामुळे निर्माण झालेली उष्णता लवकर वाहूनही जात नाही. चरबीच्या पेशी सुमारे ४३ ते ४५ अंशांवर काही मिनिटे टिकवून धरल्या, तर त्यांतील काही पेशी पुढच्या दिवसांत आपोआप मरतात. मेलेल्या पेशी शरीर सहा ते बारा आठवड्यांत हळूहळू साफ करते. ‘चरबी वितळून लघवीवाटे जाते’ हे जाहिरातीतले वाक्य खरे नाही. वयात आल्यानंतर चरबीच्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही, म्हणून गेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत. पण उरलेल्या पेशी फुगायला मोकळ्या असतात. खाणेपिणे वाढले की घेर पुन्हा वाढतो.

मोनोपोलर, बायपोलर, सुयांची आरएफ यांत फरक काय?

मोनोपोलर यंत्रात प्रवाह हँडपीसमधून, म्हणजे त्वचेवर फिरवायच्या हातातल्या भागातून, त्वचेत शिरतो आणि पाठीवर किंवा मांडीवर चिकटवलेल्या पॅडमधून बाहेर पडतो, त्यामुळे तो खोलवर जातो. बायपोलर यंत्रात दोन्ही टोके हँडपीसवरच असतात आणि प्रवाह त्यांच्यामध्येच वाहतो. त्याची खोली ढोबळमानाने दोन टोकांमधील अंतराच्या निम्मी असते. डोळ्यांभोवतीच्या पातळ त्वचेला आणि जाड मांडीला एकच हँडपीस का चालत नाही, याचे उत्तर यात आहे. तीन किंवा अधिक टोकांची मल्टिपोलर यंत्रेही असतात, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक नाही.

सुयांच्या आरएफमध्ये बारीक सुया त्वचेत काही मिलिमीटर शिरून टोकाशी उष्णता सोडतात. मुरमांचे खड्डे आणि सुरकुत्या यांसाठी हा उपचार प्रभावी आहे, परंतु तो जास्त गंभीरपणे घेण्याचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच प्रकाराबाबत भाजणे, व्रण राहणे, चेहऱ्यावरची चरबी झिजणे आणि नसांना इजा होणे अशा तक्रारींची नोंद घेऊन इशारा दिला. तो उपचार वाईट ठरवणारा इशारा नव्हता. हे वैद्यकीय काम आहे, ब्यूटी पार्लरचे किंवा घरी करण्याचे नव्हे, असा त्याचा अर्थ होता. आमचेही मत तेच आहे.

माझा रंग सावळा आहे. डाग पडतील का?

लेझरचा प्रकाश त्वचेतील रंगद्रव्य शोषून घेते, त्यामुळे सावळ्या त्वचेवर काही लेझर जपून वापरावे लागतात. आरएफला रंग कळत नाही. ती केवळ विद्युतविरोधावर चालते. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णासाठी ही तिची मोठी जमेची बाजू आहे. तथापि भाजले तर डाग पडणारच आणि सावळ्या त्वचेवर तो गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक गडद व अधिक काळ राहतो. सुयांच्या आरएफनंतर निदान दोन आठवडे उन्हापासून चेहरा जपावा आणि सनस्क्रीन चुकवू नये.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित क्रीम वर्षानुवर्षे लावून पातळ आणि लालसर झालेले चेहरे आमच्याकडे दर आठवड्याला येतात. अशा त्वचेला उष्णता सोसत नाही. आधी ती क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून त्वचा सावरू द्यावी लागते आणि त्याला काही महिने लागतात. क्रीमची ट्यूब सोबत आणावी. नाव आठवत नसले तरी चालते.

सिटिंगच्या दिवशी नेमके काय होते?

चेहरा स्वच्छ धुऊन, फोटो काढून सुरुवात होते. त्यानंतर अंगावरचे दागिने उतरवावे लागतात, कारण धातूपाशी प्रवाह एकवटून तेथे भाजू शकते. साज, ठुशी, बुगडी, बांगड्या, कंबरपट्टा आणि जोडवी हे सगळे त्यात आले. मंगळसूत्र उतरवायला पुष्कळ जणी का-कू करतात. मानेवर काम असताना मात्र ते राहू देता येत नाही, म्हणून दागिन्यांसाठी झाकणाची डबी खाटेच्या उशाशी, रुग्णाला दिसेल अशीच ठेवलेली असते.

त्वचेवर जेल लावले जाते. ते गार असते आणि पहिला मिनिटभर तेवढेच जाणवते. मग हँडपीस गोल गोल फिरू लागते, ऊब वाढत जाते आणि दोन-तीन मिनिटांत गरम पाण्याच्या पिशवीसारखी ती सुखद असते, त्यानंतर थोडी बोचरी. हँडपीस एका जागी थांबता कामा नये. मधूनमधून तापमापकाने त्वचेचे तापमान पाहिले जाते. काही यंत्रांत तो हँडपीसमध्येच बसवलेला असतो. जेल वाळू लागले की ते पुन्हा लावावे लागते, कारण कोरड्या जागी ठिणगीसारखा चटका बसतो. चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास आणि पोटासारख्या भागाला बहुधा तेवढाच किंवा थोडा अधिक वेळ लागतो. उठल्यावर चेहरा लालसर दिसतो, तो काही तासांत निवळतो. त्याच दिवशी कामाला जाता येते, गाडी चालवता येते. सुयांच्या उपचारानंतर मात्र लाली आणि बारीक खपल्या तीन-चार दिवस राहतात.

दुखत असेल तर भूल देत नाहीत का?

सुयांच्या आरएफसाठी सुन्न करणारे मलम लावतात. वरवरून केल्या जाणाऱ्या उपचारात आम्ही ते सहसा टाळतो, आणि त्यामागचे कारण रुग्णांना थोडे उलटे वाटते: ‘आता फार गरम लागते आहे’ हे आपले शब्द यंत्रावरच्या कोणत्याही आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात. सुरुवातीच्या काळात एकाच फेरीत भरपूर ऊर्जा सोडण्याची पद्धत होती आणि त्यात भाजण्याच्या तक्रारी जास्त होत्या. पुढे कमी ऊर्जेच्या अनेक फेऱ्या आणि रुग्णाला विचारत पुढे जाणे ही पद्धत रूढ झाली. तेव्हा सोसत पडून राहू नये. ‘डॉक्टरांना काय सांगायचे, करतायत ते बरोबरच असेल’ हा संकोच येथे महागात पडतो.

फरक किती आणि कधी दिसेल?

त्वचा आवळण्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून जाणवू लागतो आणि सहाव्या महिन्यापर्यंत वाढत जातो. जास्त ऊर्जेच्या मोनोपोलर यंत्राची पुष्कळदा एकच सिटिंग असते. सौम्य यंत्रांच्या एक-दोन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा, आणि सुयांच्या चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण तीन सिटिंग होतात.

‘किती’ या प्रश्नाला आकड्याने उत्तर देणे बरे. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या यंत्राचा ८६ जणांवरील अनेक केंद्रांतला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८३ टक्के लोकांच्या सुरकुत्यांत मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. भुवई निदान अर्धा मिलिमीटर वर गेली अशा भुवया सुमारे ६१ टक्के होत्या. आणि समाधानी असल्याचे सांगणारे रुग्ण होते निम्मे. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांत डॉक्टरांना फरक दिसतो आणि रुग्णांपैकी निम्मेच समाधानी असतात, या दोहोंमधले अंतर म्हणजे अपेक्षांचे अंतर आहे. यंत्रे त्यानंतर सुधारली, पण प्रमाण समजण्यासाठी तो अर्धा मिलिमीटर लक्षात ठेवावा. जबड्याची रेषा थोडी रेखीव होते, गालाची त्वचा भरीव लागते, हनुवटीखालचा लोंबता भाग काहीसा वर सरकतो. दहा वर्षांपूर्वीचा चेहरा परत मिळत नाही.

जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो पाहताना चेहऱ्याऐवजी आधी प्रकाश पाहावा. ‘आधी’च्या फोटोत दिवा डोक्यावर आणि हनुवटी खाली, ‘नंतर’च्या फोटोत दिवा समोर आणि मान किंचित उंचावलेली असेल, तर तेवढ्यानेच पाच वर्षे कमी दिसतात.

घरात लग्न आहे. कधी सुरुवात करावी?

लग्न आठ दिवसांवर आले असताना वधूची आई येते आणि ‘काही तरी करा’ म्हणते. त्या टप्प्यावर आम्ही काहीच न करण्याचा सल्ला देतो, कारण परिणाम दिसायला वेळ उरलेला नसतो आणि लाली किंवा चट्टा उमटला तर तो निस्तरायलाही नसतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी सुरुवात आषाढात करावी, फार तर श्रावणात. कोल्हापूरचा पाऊस त्या महिन्यांत ऊन डोके वर काढू देत नाही, हा सुयांच्या उपचारासाठी आयताच फायदा आहे.

परिणाम किती काळ टिकतो?

सर्वसाधारणपणे एक ते दोन वर्षे. वय थांबत नाही, त्यामुळे पुढे कधीतरी एखादी सिटिंग पुन्हा घ्यावी लागते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होते, म्हणून पन्नाशीच्या आसपास चेहरा ‘एकदम उतरला’ असे वाटते ते खोटे नसते. ऊन आणि तंबाखू यांनी ही झीज वाढते. तंबाखूविषयी विचारल्यावर बहुतेक स्त्रिया ‘नाही’ म्हणतात आणि मिश्री लावत असल्याचे नंतर बोलण्यातून कळते. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उपचारानंतरची दुरुस्ती मंदावते.

हे उपचार कोणी करून घेऊ नयेत?

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारे यंत्र बसवलेले असेल, तर आरएफ करू नये. गर्भारपणात करू नये. उपचाराच्या जागी जंतुसंसर्ग, नागीण, उघडी जखम किंवा कर्करोग असेल, तर करू नये. हाडांत बसवलेली पट्टी, सळई किंवा कृत्रिम सांधा उपचाराच्या जागेजवळ असेल, तर आधी सांगावे. ओटीपोटावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांनी तांबी बसवलेली असल्यास तेही सांगावे, कारण ही गोष्ट बसवून पाच-सात वर्षे झाली की विसरली जाते. हर्निया असलेल्या पोटावर आधी शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. मधुमेह आटोक्यात नसेल, ल्युपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा, आजार असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, चेहऱ्यात फिलर (भरीवपणासाठी टोचलेले द्रव्य) भरलेले असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोडावा. जखमेचे व्रण जाड आणि उंच होण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असलेल्यांनी सुयांच्या वाटेला जाऊ नये. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेही व्यक्तीच्या मांडीवर काम करतानाही आम्ही कचरतो. तिला ऊब वेळेवर जाणवेलच असे नाही.

धोके कोणते? भाजले तर काय करावे?

लाली, किंचित सूज आणि एक-दोन दिवस हात लावल्यावर दुखरेपणा हे अपेक्षित आहे. क्वचित जागा काही आठवडे बधिर राहते किंवा त्वचेखाली लहान गाठी लागतात. त्या बहुधा आपोआप विरतात. खरी भीती दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे फोड येण्याइतके भाजणे. दुसरी म्हणजे चेहऱ्याच्या एखाद्या जागची चरबी जास्त उष्णतेने झिजून तेथे खळगा पडणे. बारीक, गाल बसलेल्या चेहऱ्यावर हा दुसरा धोका अधिक असतो, आणि म्हणून सडपातळ व्यक्तीने ‘अजून थोडी पॉवर वाढवा’ असा आग्रह धरू नये.

घरी गेल्यावर फोड दिसला तर नळाचे साधे वाहते पाणी त्यावर २० मिनिटे धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा कोरफड लावू नये, फोड फोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. संकोचाने चार दिवस थांबलेल्या रुग्णाचा डाग पुढे सहा महिने पुरतो.

बाळंतपणानंतर पोट सुटले आहे. उपयोग होईल का?

आधी उताणे झोपून, गुडघे वाकवून, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटे टेकवून पाहावीत. दोन किंवा अधिक बोटे आत जाण्याइतकी फट लागत असेल, तर पोटाचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले आहेत. ती फट आरएफने सांधत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील व्यायाम आणि काही वेळा शस्त्रक्रिया लागते. फट नसेल आणि केवळ त्वचा सुरकुतली असेल, तर उपयोग होऊ शकतो. घाई मात्र करू नये. अंगावर पाजणे संपेपर्यंत आणि वजन निदान काही महिने स्थिर राहीपर्यंत थांबावे, कारण या काळात त्वचा आपली आपणही पुष्कळ सावरते आणि जे फुकट होणार आहे त्याचे पैसे का मोजावेत? सिझेरियनचा व्रण बधिर असतो, हे उपचार करणाऱ्याला आठवणीने सांगावे.

हायफू, फॅट फ्रीझिंग आणि शस्त्रक्रिया यांच्या तुलनेत आरएफ कोठे बसते?

हायफूमध्ये ध्वनिलहरी एका बिंदूवर केंद्रित करून साधारण ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या खोल थराला उष्णता दिली जाते. गाल आणि जबडा वर उचलण्यासाठी ती निवडली जाते. त्वचेचा पोत आणि बारीक सुरकुत्या यांसाठी आरएफ बरी. फॅट फ्रीझिंगमध्ये उलट, थंडीने चरबीच्या पेशी मारतात. बर्फाची कांडी चोखत राहणाऱ्या लहान मुलांच्या गालांत चरबी झिजते, या जुन्या निरीक्षणातून ती कल्पना पुढे आली. त्या उपचारात क्वचित चरबी घटण्याऐवजी त्याच जागी वाढून बसते, तसेच तो सैल त्वचा आवळत नाही.

तीस-चाळीस किलो वजन उतरवल्यावर ओटीपोटावर लोंबणारी कातडीची झालर कोणत्याही यंत्राने आत जात नाही. तिला प्लॅस्टिक सर्जनची शस्त्रक्रियाच लागते. अशा रुग्णाला सहा सिटिंगचे पॅकेज विकणे आम्ही फसवणूक समजतो.

उपचार कोणाकडून घ्यावा आणि खर्चाबाबत काय विचारावे?

त्वचारोगात एम.डी. किंवा तत्सम पदवी असलेला डॉक्टर, अथवा प्लॅस्टिक सर्जन. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदवलेले असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. हँडपीस प्रत्यक्ष कोणाच्या हातात असणार, हे स्पष्ट विचारावे. तंत्रज्ञ असेल तर चालते, पण डॉक्टर त्या वेळी इमारतीत हवेत. यंत्राचे नाव आणि मॉडेल विचारून घ्यावे, कारण ‘आरएफ’ या एकाच नावाखाली अतिशय वेगळ्या ताकदीची आणि किमतीची यंत्रे चालतात. दोन दवाखान्यांच्या दरात चौपट तफावत दिसते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते.

पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नयेत. दर सिटिंगमागे आहे की भागामागे, जीएसटी धरून आहे की वेगळा, टोक किंवा सुया दर वेळी नव्या उघडल्या जाणार का आणि मध्येच थांबल्यास उरलेले पैसे मिळतील का, हे लेखी घ्यावे. सुयांचे सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले गेले पाहिजे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीचे उपचार वगळलेले असतात. मनात शंका राहिली तर कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात जाऊन दुसरे मत घेता येते. तेथे रांग मोठी असते, पण काही विकायचे नसते.

पायाचे सूप किंवा कोलॅजेनची पावडर घेतली तर वेगळ्या उपचाराची गरज राहणार नाही का?

पायाचे सूप गार झाल्यावर थिजते ते त्यात उतरलेल्या कोलॅजेनमुळेच, पण पोटात गेल्यावर त्याचे इतर प्रथिनांसारखे तुकडे होतात आणि ते तुकडे गालावरच जाऊन बसतील अशी सोय शरीरात नाही. सूप चवीसाठी प्यावे. पावडरीवर दरमहा जो खर्च होतो त्यात सनस्क्रीन येते आणि त्वचेच्या दृष्टीने तो सौदा जास्त फायद्याचा आहे.

ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रे?

त्यांची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणून परिणामही तसाच. सुया असलेले यंत्र मात्र घरी कदापि वापरू नये.

पहिल्या भेटीला येताना काय आणावे?

चालू औषधांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची रिकामी पाकिटे, आधी केलेल्या कोणत्याही उपचाराचे कागद, चेहऱ्याला लावत असलेली सर्व क्रीम, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा साधा फोटो आणावा. लग्नातला नको, मेकअप असतो. आधार कार्डावरचा चालेल, तो कोणाचाच चांगला येत नाही आणि म्हणून तुलनेला प्रामाणिक असतो. चेहऱ्यावर काही न लावता यावे. त्या दिवशी उपचार सुरू करण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. घरी जाऊन विचार करून, हवे तर आठवड्याने फोन करावा.